आमच्या दारातली जीप

हत्ती पाळणे आणि शहरात जुनी जीप पाळणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. खाणे दोघांचेही अफाट, जागा दोघांनाही ऐसपैस लागते, आणि रोजचे असे काम दोघांकडूनही होत नाही. फरक असलाच तर एवढा, की हत्ती दारात आला तर शेजारी त्याला नारळ देतात. जीप दारात असली तर ‘गाडी जरा पुढं घ्या की हो’ म्हणतात.

अशी एक जीप आमच्या दारात गेली सोळा-सतरा वर्षे उभी आहे. महिंद्राची एम.एम. ५४०, पहिली नोंदणी १९९६ सालची. बाबांनी ती २००९ साली एका कंत्राटदाराकडून १,२०,००० रुपयांना घेतली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्यामुळे जीप नसलेले घर मला आठवतच नाही. रंग मूळचा हिरवा. आता कोणता, हे सांगणे अवघड आहे. दारे नाहीत. वर ताडपत्रीचा हूड आहे, तो उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात गळतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवून आत घेतली की त्या दिवशी वेगळा व्यायाम करावा लागत नाही. पाटे इतके कडक, की चाकाखाली खडा आला तर त्याची वर्दी थेट मणक्यापर्यंत पोचते.

जीपचे कूळ मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला वाटेल तेथे जाणारी हलकी गाडी हवी होती. त्या गरजेतून १९४१ साली विलीज कंपनीच्या जीपा मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. युद्ध संपले, गाडी उरली. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आले. आमच्या गाडीतले सुमारे २,१०० सी.सी.चे इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनलेले आहे. म्हणजे सांगाडा अमेरिकन घराण्याचा, इंजिन फ्रेंच घराण्याचे, जन्म महाराष्ट्रातला, नंबर कर्नाटकाचा आणि मालक मराठी. बेळगावला शोभेल अशीच गाडी! शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या कॅम्पात. तेथल्या लष्करी जीपा बघतच बाबांची पिढी वाढली. ‘गाडी म्हणजे जीप’ हे त्यांच्या मनात लहानपणीच ठसले असावे, असा माझा अंदाज आहे.

शहरात ही गाडी वापरायची म्हणजे रोज काही ना काही गंमत घडते. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात ती नेण्याचा विचारही कोणी करू नये. आई साडी सावरत एकदा आत चढली, की मुक्कामाला पोचेपर्यंत खाली उतरायला तयार नसते. लग्नाची वरात, गणपती आणणे, कोणाचे तरी घर बदलणे, कोणाच्या तरी शेतातून उसाचे वाढे आणणे, अशा प्रसंगी मात्र आमच्या घराचा पत्ता सगळ्यांना बरोबर आठवतो. एकदा मी गोवावेसला गाडी उभी करून बाबांची वाट पाहत बसलो होतो. मागे हालचाल जाणवली म्हणून वळून पाहिले, तर एक आज्जी टोपलीसकट येऊन बसल्या होत्या. पाठोपाठ दोन कॉलेजकुमार चढले आणि म्हणाले, “खानापूर काय हो? कधी सुटणार?” वडापची जीप समजून बसले होते. मी खुलासा केल्यावर कॉलेजकुमार उतरले. आज्जी मात्र उतरेनात. “रिकामीच चाललीय न्हवं? मग पिरनवाडीपत्तूर सोड की रं बाबा,” असे म्हणाल्या. सोडले. दुसरे काय करणार?

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. सकाळी थंड इंजिन सुरू झाले की पहिली दोन-तीन मिनिटे ते बराच धूर सोडते. पी.यू.सी.चे प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, पण समोरच्या काकूंना दमा आहे आणि त्यांच्या खिडकीला प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. म्हणून आम्ही गाडी न सुरू करता ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेतो आणि तेथे किल्ली फिरवतो. ही पद्धत बाबांनी पाडली. गेली काही वर्षे ढकलण्याचे काम माझ्याकडे आहे.

या गाडीचा खरा गुण तर शहरात दिसतच नाही. गिअरच्या नेहमीच्या दांड्याशेजारी आणखी आखूड दांडे आहेत. त्यांनी इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांऐवजी चारही चाकांना देता येते, आणि ‘लो’मध्ये टाकले की वेग सुमारे अडीचपटीने कमी होऊन ओढ तेवढीच वाढते. माणूस चालतो त्याहून हळू, पण थांबायचे नाव नाही, अशी गाडी चालू लागते. पण हे दांडे कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायचे नसतात. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वाटेने जातात. चिखलात किंवा सैल मातीत चाक थोडे घसरते आणि तो फरक भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग सगळा ताण गिअरवर आणि सांध्यांवर येतो आणि गाडी आतल्या आत पीळ भरते. तेव्हा ज्या गुणासाठी ही गाडी घ्यायची, तोच शहरात वापरायला मनाई! मित्र मला विचारतात, “मग ठेवलीस कशाला?” प्रश्न रास्त आहे.

हा प्रश्न मी एकदा ऑटोनगरातल्या आमच्या मेस्त्रींनाही विचारला होता. मेस्त्री कन्नड बोलतात. मी मराठी माध्यमातून शिकलेला. शाळेत कन्नड विषय होता, तो मी पास होण्यापुरता केला होता. व्याकरण येत होते, पण तोंड उघडत नव्हते. ते तोंड मेस्त्रींनी उघडले. क्लच प्लेट बदलताना, हीटर प्लग तपासताना त्यांना पाना देता देता बोलावेच लागे. चुकीचे बोललो तर ते हसत नसत; तेच वाक्य बरोबर करून स्वतः म्हणत आणि पुढचा बोल्ट सोडवत. ते बाबांना ‘साहुकार’ म्हणतात आणि मला ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ.

तर ‘एवढे दांडे काय कामाचे’ म्हणून मी विचारले, तेव्हा ते गाडीखालूनच म्हणाले, “ओडिसलिल्ल अंद्र तुक्क हिडीतैति, तम्मा.” चालवली नाहीस तर गंज धरतो. मग बाहेर येऊन हात पुसत त्यांनी सविस्तर सांगितले. पुढची चाके फिरवणारा गिअर कधी टाकलाच नाही, तर त्याच्या दांड्यांचे सांधे आखडतात, तेल सगळीकडे पोचत नाही, ऑइल सील सुकतात. पाच वर्षे न वापरता ठेवलास आणि सहाव्या वर्षी अडचणीत दांडा ओढलास, तर तो हलायचासुद्धा नाही. म्हणून महिन्यातून एकदा चिखलात ने, चार चाके लाव, पाचशे पावले चालव, परत ये.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार ठरलेला. मी यळ्ळूरच्या शिवारातल्या एका बैलगाडीच्या वाटेवर गाडी नेतो, दांडे टाकतो आणि थोडे अंतर जाऊन परत येतो. वाटेतले शेतकरी प्रथम चकित होत. चांगला रस्ता सोडून हा पोरगा चिखलात का शिरतो, असे त्यांना वाटत असावे. आता ते सवयीने हात करतात. माझे कन्नडही असेच महिन्यातून दोनदा-तीनदा गॅरेजात चालते, म्हणून शिल्लक आहे. घरी त्याचे काम पडत नाही. पण गेल्या वर्षी बँकेत एका कागदासाठी खेटे घालावे लागले, तेव्हा ते एका हाकेला हजर झाले.

आता, गाडी ठेवली कशाला, याचे उत्तर. माझे आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे जंगलाच्या कडेला आहे. डांबरी रस्त्यापासून गाव चार किलोमीटर आत. उन्हाळ्यात त्या वाटेने मोटारसायकलही जाते. पावसाळ्यात मात्र ती लाल मातीचा काला होते आणि मध्ये एक ओढा आडवा येतो. त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ‘ओढा’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमची जीप बाबांनी घेतली ती या चार किलोमीटरांसाठी. वर्षातले साडेतीनशे दिवस ती शहरात उभी राहते, ती उरलेल्या पंधरा दिवसांसाठी.

२०२४ च्या जुलैत मामाचा फोन आला. त्या गावात फोनला रेंज येण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. भर पावसात तो चढून आला होता, यावरूनच काय ते समजले. आज्जीला श्वास लागत होता. १०८ ची गाडी डांबरापर्यंत येणार होती, त्यापुढे तिला वाट नव्हती. एरवी अशा वेळी गावातले आठ जण घोंगडीची नाहीतर बांबूची डोली करून आजाऱ्याला खांद्यावरून आणतात. पण ओढ्याला कमरेच्या वर पाणी होते आणि ते चढत होते.

आम्ही रात्री साडेनऊला निघालो. गाव गाठले तेव्हा बारा वाजून गेले होते. येताना बाबा चालवत होते. मी मागच्या बाकावर आज्जीला धरून बसलो होतो आणि ओढ्याच्या उतारावर मामा काठी घेऊन पुढे चालत होता. एकदा तो स्वतः पलीकडे जाऊन परत आला. खालचा दगड कोठे आहे आणि कोठे नाही, ते त्याने हाताने दाखवले. बाबांनी आखूड दांडा मागे ओढला. तो एका झटक्यात बसला. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे पाण्याने ते पेट्रोलच्या इंजिनासारखे लगेच बंद पडत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होते. त्या रात्री पायाखालून पाणी वाहत असताना मी तेच मनात घोकत होतो. आज्जी काही बोलत नव्हती, नुसता माझा दंड धरून होती. चार किलोमीटरांना आम्हांला पन्नास मिनिटे लागली. डांबरावर १०८ चे दिवे दिसले तेव्हा कुठे तिने हात सोडला.

आज्जी बरी झाली. आठ दिवसांनी घरी परतल्यावर ती म्हणाली, “औषधानं बरं वाटलं, पण त्या गाडीनं हाडं खिळखिळी केली.” तिला जीप कधीच आवडली नाही.

ही हकीकत सांगून मी जीपचा पोवाडा गाऊ शकलो असतो, आणि मित्रांमध्ये तसा गायलोही आहे. पण पुरा विचार केला तर त्यातून दुसरेच काही निघते. आमच्या आज्जीचा जावई बेळगावात राहतो आणि त्याने एक जुनी जीप दारात ठेवली आहे, म्हणून तिची सोय झाली. शेजारच्या घरच्या म्हातारीला असा जावई नसेल तर तिने काय करावे? गावाला जीप नको, पूल हवा. मामाचे म्हणणे पहिल्यापासून हेच आहे. आणि वाचकहो, गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, त्या ओढ्यावर खरोखरच एक छोटा पूल झाला! वाट अजून मातीचीच आहे, पण ओढा अडवत नाही.

पूल झाला आणि दारातल्या जीपचा सगळ्यात मोठा आधार गेला. त्यातच तिच्या नोंदणीची मुदत या वर्षी संपते आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली आम्ही त्यासाठी ६०० रुपये भरले होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारींना ही फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारींना १०,००० रुपये. याच सुमारास गोव्याहून एक हौशी गृहस्थ आले, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि २,४०,००० रुपये देतो म्हणाले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू कॉमर्सवाला. काढ हिशेब, ठेवायची का विकायची.”

घरच्या खऱ्या हिशेबाची ही माझी पहिली वेळ. प्रथम मी घसारा काढला. १,२०,००० रुपयांवर दरसाल १५ टक्के, घटत्या शिलकेच्या पद्धतीने, सोळा वर्षे. शिल्लक आली सुमारे ८,९०० रुपये. वहीत ८,९०० आणि बाजारात २,४०,०००! वर्गात सर सांगतात, की पुस्तकी किंमत म्हणजे बाजारची किंमत नव्हे. ते वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. त्याचा अर्थ त्या रात्री कळला.

मग वार्षिक खर्च मांडला. विमा ९,३००. दुरुस्ती सरासरीने १८,०००. वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरते, लिटरला अकरा देते, तेव्हा डिझेल सुमारे १६,४००. नोंदणीच्या फीचा पाचवा हिस्सा २,०००. गाडी विकून पैसे बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी व्याज आले असते १५,६००; तेही खर्चातच धरले पाहिजे. एकूण ६१,३००. म्हणजे किलोमीटरला तीस रुपयांहून जास्त. एवढ्या पैशांत भाड्याची मोटार सांगून, ड्रायव्हरला चहा पाजूनही काही उरेल. काकूंच्या दम्याचा तर कोणत्या खात्याला खर्च टाकावा, ते मला ठरवता आले नाही. ती ओळ मी कोरी सोडली, पण खोडली नाही.

इतके झाल्यावर ‘विका’ असे लिहून सही करायची बाकी होती. पण किलोमीटरने भागले, यातच काहीतरी चुकते आहे असे वाटत राहिले. विम्याचा हप्ता कोणी किलोमीटरने भागत नाही. घर जळले नाही म्हणून हप्ता वाया गेला, असेही कोणी म्हणत नाही. अकाऊंटिंग स्टँडर्ड १० मध्ये अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या यंत्रसामग्रीचा वेगळा उल्लेख आहे. अशी सामग्री मालमत्तेच्या व्याख्येत बसत असेल, तर तीही मालमत्ताच. आणि मालमत्ता नुसती पडून आहे म्हणून घसारा थांबत नाही, असेही ते मानक सांगते. मेस्त्रींनी गाडीखालून सांगितले होते, तेही याहून वेगळे नव्हते. राखून ठेवलेली वस्तू फुकट राहत नाही. ती ठेवायची तर तिचा खर्च सोसावा लागतो, आणि तिला अधूनमधून चालवावी लागते. तेवढी तयारी नसेल तर ती विकलेली बरी. कारण गंजलेल्या भरवशाइतका धोका भरवसा नसण्यातही नाही.

मी बाबांना दोन पाने दिली. एकावर किलोमीटरचा हिशेब, दुसऱ्यावर एवढेच वाक्य : ‘पूल नसता तर वर्षाला ६१,३०० हा हप्ता महाग म्हटला नसता. पूल आहे, तेव्हा आता तो किती पक्का आहे यावर उत्तर अवलंबून आहे.’

बाबांनी दोन्ही पाने चष्मा लावून वाचली. बेरीज पुन्हा तपासली. “हिशेब बरोबर आहे,” म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण त्या पुलानं अजून पावसाळे किती बघितलेत? आणखी दोन बघू देत. वाटेवर खडी पडते का तेही बघू. मग त्या गोव्याच्या साहेबांना आपणच फोन करू.” दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदणी वाढवण्याचा फॉर्म २५ आणला आणि भरायला माझ्यापुढे ठेवला. गोव्याचे गृहस्थ जरा नाराज झाले. मामाला कळवले तेव्हा तो म्हणाला, “पूल टिकंल. पण असू दे गाडी.”

पुढच्या महिन्यात आर.टी.ओ.त तपासणी आहे. ब्रेक, दिवे, हॉर्न झाले. मेस्त्रींनी चाके हलवून बघितली आणि “गट्टी ऐति” म्हणून निर्वाळा दिला, म्हणजे अजून मजबूत आहे. वायपरची मोटर तेवढी अडली आहे. या मॉडेलची बाजारात कोठे मिळत नाही. वाचकांपैकी कोणाच्या गोठ्यात, परसात किंवा मामाच्या गावी एखादी जुनी एम.एम. ५४० पडून असेल, तर कृपया कॉमर्स विभागात निरोप ठेवावा. कन्नड विभागाच्या वाचकांनाही हीच विनंती. किंमत तुमच्या भाषेत ठरवू.